होकार

अतिदक्षता विभागात सात नंबरच्या खाटेवर
हुपरीचे आण्णाप्पा मगदूम
सगळ्यालाच हो म्हणायचे.
जेवलात? हो. दुखतंय? हो.
धाप लागते? की नाही लागत? हो, हो.
मान बारीक हलत राहायची, खाली-वर,
बसल्या जागी, झोपेतसुद्धा.

पद्मावतीकाकू म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई,
बत्तीस वर्सांत ह्यो माणूस मला हो म्हटला न्हाई.
दोन म्हैनं झालं, नुसतं हो, हो, हो.
मला भ्या वाटाय लागलंय."

मी त्यांचा हात उचलून वर धरला.
नाडी बोटांवर आदळली आणि लगेच कोसळली.
चाळीस वर्षं चांदी ठोकलेला माणूस,
आता आतून कुणीतरी त्यालाच ठोकत होतं.
नखाचं टोक जरासं दाबलं,
तर नखाखाली लाली येत होती, जात होती,
भट्टीला भाता मारावा तशी.
झडप गळत होती.
हृदय जेवढं रक्त वर फेकी
त्यातलं निम्मं माघारी येई,
त्या हिसक्याने मान डुले.
पुस्तकात ह्या खुणेला
कुठल्याशा परक्या मुलखातल्या रोग्याचं नाव आहे.
काकूंना मी ते सांगितलं नाही.

नऊ नंबरला हसीना मुल्लाणी, कुरुंदवाडच्या.
पुराने रस्ते बंद, पंधरा दिवस डायलिसिस नाही.
शेवटी होडीतून, मग दुधाच्या टेम्पोतून आल्या.
कपाळावर, भुवयांत पांढरी भुकटी.
मुलगी ओल्या फडक्याने पुसत होती,
"पीठ कुठनं लागलं काय की."
मी बोटावर घेऊन पाहिलं.
पीठ नव्हतं.
लघवीवाटे जायचं ते घामावाटे आलं होतं,
वाळून मिठासारखं बसलं होतं.
"हात पुढं धरा," मी म्हटलं,
"बिंदू चौकात पोलीस गाडी अडवतो तसे."
पंजे क्षणभर उभे राहिले,
मग गळाले, परत उभे, परत गळाले.
कुणाला थांबवत होत्या की निरोप देत होत्या,
कळेना.

दुपारपर्यंत बातमी होस्टेलवर गेली.
पोरं आली, मोबाईल काढून.
"दुर्मिळ आहे ना मॅडम, परत बघायला नाही मिळणार."
सकाळी मीही मनात हेच म्हटलं होतं.
मुलीने आपली ओढणी
आईच्या कपाळावर ओढली.
मी पोरांना बाहेर काढलं,
जरा जास्तच ओरडून.

बुधवारी सर्जन कागद घेऊन आले.
झडप बदलायची. धोके समजावले. कबूल?
आण्णाप्पांची मान हलली.
सरांनी पेन पुढे केलं.
"सर, थांबा. ते हो म्हणत नाहीयेत.
काका, तोंडानं सांगा."
त्यांनी माझ्याकडे बघितलं.
मान हो, हो, हो करत होती,
आणि तोंड म्हणालं,
"न्हाय."

दोन दिवस न्हायच.
काकू रडल्या, भांडल्या, जेवणाचा डबा तसाच परत नेला.
शुक्रवारी दिवेलागणीला त्यांनी मला बोलावलं
आणि काकूंना म्हणाले, "धर."
काकूंनी दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरलं,
कानांवरून, घट्ट,
डाग देताना पैंजण चिमट्यात धरतात तसं.
डोकं थांबलं.
काकूंची कोपरं हलायला लागली.
"आता लिव्हा," ते म्हणाले. "हो."

त्याच रात्री नऊ नंबरचं तिसरं डायलिसिस संपलं.
हसीनाबींच्या दंडावरच्या फुगीर शिरेला,
पट्टीच्या जरा वर,
स्टेथोस्कोप न लावता मी कानच लावला,
लहानपणी गडहिंग्लजच्या रस्त्यावर
तारेच्या खांबाला लावायचे तसा.
आत घूं घूं चाललं होतं.
"काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं,
आल्यापासून पहिल्यांदाच स्वच्छ.
मी मान हलवली.
"असं नगं," त्या म्हणाल्या,
"तोंडानं सांग की."